कार्नफर्थचे स्थानक : वारसामूल्याची एक चिकित्सा

एखादी वास्तू वारसा म्हणून जतन करावयाची ती कशासाठी, हा प्रश्न भव्य वास्तूंच्या बाबतीत सहसा उद्भवत नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारसा-यादीत समाविष्ट झाले. त्याचे घुमट, कमानी व कोरीवकाम यांची साक्ष पुरेशी बोलकी आहे. लहान गावातील साध्या स्थानकाची गोष्ट निराळी. तेथे वास्तू स्वतः फारसे बोलत नाही. तिच्या वतीने दुसऱ्या कोणास तरी बोलावे लागते. तो नेमके काय बोलतो, हे तपासल्याखेरीज मूल्यनिर्णय संभवत नाही. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील कार्नफर्थ हे स्थानक अशा तपासणीस विशेष अनुकूल आहे.

लँकेस्टर ते कार्लाइल या लोहमार्गावर १८४६ साली हे स्थानक उघडले. पुढे फर्नेस व मिडलंड या कंपन्यांचे मार्ग येथे येऊन मिळाले, लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या आणि खेड्याचे जंक्शन झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवरील वाफेच्या एंजिनांची नियमित वाहतूक संपली. अखेरपर्यंत चालू राहिलेल्या मोजक्या एंजिन-शेडांत कार्नफर्थची शेड होती. १९७० साली मुख्य मार्गावरील फलाट बंद झाले. तेव्हापासून लंडन-ग्लासगो मार्गावरील जलद गाड्या येथे न थांबता निघून जातात. फर्नेस व लीड्सकडील गाड्या तेवढ्या थांबतात. स्थानकाच्या इमारतींस अवकळा आली.

त्या वाचल्या त्या मुख्यतः एका चित्रपटामुळे. नोएल कॉवर्ड यांच्या ‘स्टिल लाइफ’ या एकांकिकेवरून डेव्हिड लीन यांनी ‘ब्रीफ एन्काउंटर’ हा चित्रपट १९४५ साली दिग्दर्शित केला. त्यातील स्थानकावरील दृश्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत कार्नफर्थ येथे रात्री चित्रित झाली. युद्ध अद्याप संपले नव्हते; हवाई हल्ल्याची सूचना मिळाल्यास दिवे मालवण्यास अवधी मिळावा, म्हणून इतक्या उत्तरेचे ठिकाण निवडले गेले. कथेत स्थानकाचे नाव ‘मिलफर्ड जंक्शन’ असे आहे. स्थानिक विश्वस्त संस्थेच्या प्रयत्नांनी २००३ साली या इमारती पुन्हा उघडल्या. फलाटावरील घड्याळ दुरुस्त झाले आणि उपाहारगृह चित्रपटातील उपाहारगृहाप्रमाणे सजविण्यात आले.

खरी अडचण येथेच आहे. चित्रपटातील उपाहारगृह कार्नफर्थला नव्हतेच; ते डेनम येथील चित्रपटनिर्मितीच्या स्टुडिओत उभारलेले नेपथ्य होते. स्टुडिओने स्थानकाची नक्कल केली, आणि स्थानकाने पुढे त्या नकलेची नक्कल केली. यावर दोन मते संभवतात. हा देखावा खोटा, सबब त्याज्य, असे एक मत. पाहणाऱ्याच्या मनात भावना जागृत होते ना, मग खऱ्याखोट्याची उठाठेव कशाला, हे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत.

भाषाशास्त्रात या परिस्थितीचे एक परिचित रूप आढळते. ते म्हणजे लोकव्युत्पत्ती. ‘हू कम्स देअर’ या पहारेकऱ्याच्या पुकाराचे हिंदुस्थानी पलटणींत ‘हुकुमदार’ झाले. त्या ध्वनींत शिपायास ओळखीचा ‘हुकूम’ ऐकू आला. मूळ अर्थाच्या दृष्टीने हा भ्रम होय. परंतु तो शब्द खरोखर उच्चारला गेला, त्याने पहाऱ्याचे काम केले, आणि म्हणून तो भाषेच्या इतिहासाचा भाग आहे. कोशकार असा शब्द गाळीत नाही. मात्र त्याची खरी व्युत्पत्ती देण्यासही चुकत नाही. कार्नफर्थचे उपाहारगृह ही विटांत आणि लाकडात साकार झालेली लोकव्युत्पत्ती होय. ते ठेवण्यास प्रत्यवाय नाही. त्याची व्युत्पत्ती लपविण्यास आहे.

या कसोटीने पाहता स्थानकातील निरनिराळ्या वस्तूंचे मूल्य सारखे ठरत नाही. घड्याळ आणि फलाटाखालील भुयाराकडे जाणारी उतरण यांस दुहेरी प्रामाण्य आहे : प्रवाशांनी त्यांचा उपयोग केला, आणि चित्रपटानेही. उपाहारगृहास चित्रपटाचेच प्रामाण्य आहे. उलट भट्ट्या, शेड आणि तेथे राबलेली माणसे यांस इतिहासाचे प्रामाण्य पूर्ण आहे, पण त्यांच्या वतीने बोलणारा चित्रपट नाही. चित्रपटातही वास्तव पुरते झाकले गेलेले नाही. कल्पित ‘मिलफर्ड’च्या फलाटावरील पाटीवर हेलिफील्ड, स्किप्टन, ब्रॅडफर्ड, लीड्स ही खरी नावे वाचता येतात. स्थानकाचे नाव बदलले तरी तेथून निघणाऱ्या वाटांनी आपली नावे सोडली नाहीत.

चित्रपट नसता तर या इमारती टिकल्या असत्या, असे म्हणणे कठीण आहे. म्हणून चित्रपटाचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु जतनाचे निमित्त आणि जतनाचा आशय या दोन भिन्न गोष्टी होत. निमित्तालाच आशय मानले, तर ज्या स्थानकास कोणी दिग्दर्शक लाभला नाही त्याचे मूल्य शून्य ठरेल. अशीच स्थानके संख्येने अधिक आहेत, आणि बहुसंख्य प्रवाशांचे आयुष्य त्यांच्याच फलाटांवरून गेले आहे. कार्नफर्थचे महत्त्व त्याने जागविलेल्या प्रेमकथेपुरते मर्यादित नाही. वारशाचे थर वेगळे कसे वाचावेत, हे येथे एकाच फलाटावर शिकता येते. तो पाठ गिरविला गेला, तर चित्रपट न लाभलेल्या स्थानकांच्या बाजूनेही काही साधार बोलता येईल.