नाट्यपदांवरील ‘चाल’ : कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या पद्यरचनेचा पुनर्विचार

आमच्या संशोधकांची दृष्टि सनदा, बखरी, कैफियती व पोथ्या यांजकडे जशी वळते तशी छापील नाटकांच्या पुस्तकांकडे वळत नाहीं. जें छापलें गेलें तें सुरक्षित झालें, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या संगीत नाटकांपुरती ती समजूत चुकीची आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्या नाटकांत पदाच्या माथ्यावर बारीक टाइपांत ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली असते. वाचक ती ओलांडून पुढें जातो; टीकाकारहि बहुधा तेंच करतो. परंतु ती ओळ एका लुप्त संहितेची खूण आहे, आणि ती विचारांत न घेतां कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या पद्यरचनेवर जो निकाल दिला जातो तो अर्ध्या पुराव्यावर दिलेला असतो, असें माझें मत आहे.

कोल्हटकर हे आमच्या वऱ्हाडचे. जन्म नागपूरचा, इ. स. १८७१ मधील; शिक्षण बुलढाणें, अकोला व पुणें येथें; आणि १८९७ सालीं कायद्याची पदवी मिळविल्यावर वकिली अकोला, खामगांव व जळगांव-जामोद या गांवीं. त्यांचें ‘वीरतनय’ नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीनें १८९६ सालीं रंगभूमीवर आणलें. त्या नाटकानें संगीत रंगभूमीस नवें वळण दिलें, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तें वळण इष्ट कीं अनिष्ट, याविषयीं मात्र दोन पक्ष आहेत. मुंबईच्या पारशी मंडळ्यांच्या उर्दू नाटकांतील चाली कोल्हटकरांनीं घेतल्या व त्यांवर मराठी शब्द बसविले. एका पक्षास यांत ताजेपणा दिसला. दुसऱ्या पक्षाचे आक्षेप दोन : चाली परक्या आहेत, आणि पदें क्लिष्ट आहेत.

पहिला आक्षेप इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणतांना अण्णासाहेब किर्लोस्करांनीं तरी चाली कोठून आणल्या? साकी, दिंडी, कामदा या कीर्तनांतून आल्या. लावणीच्या फडांतून कांहीं आल्या. कांहीं कर्नाटकांतून आल्या. उसनवारी आरंभापासूनच होती, फक्त सावकार बदलला. आणि मुंबईचा हा सावकार तरी परका कसा म्हणावा? ग्रँट रोडवरील नाटकगृह १८४६ सालीं उघडलें. १८५३ सालीं विष्णुदास भावे यांच्या मंडळीनें तेथें मराठी खेळ केले, आणि त्याच वर्षीं त्याच नाटकगृहांत पारशी हौशी नटांनींहि आपलें पहिलें नाटक केलें. पुढें १८६८ सालीं व्हिक्टोरिया नाटक मंडळी निघाली आणि पारशी मंडळ्या गुजरातीवरून उर्दूकडे वळल्या. बंदराच्या त्या शहरांत मराठी, गुजराती व उर्दू या तीन भाषांच्या रंगभूमी शेजारीं शेजारीं वाढल्या. एकीची चाल दुसरीच्या कानावर पडावी, हें त्या शहराच्या स्वभावास धरूनच होतें. कोल्हटकरांनीं शेजारच्या घरांतील जिन्नस उघडपणें उचलला, आणि तो कोठून उचलला हें पदाच्या माथ्यावर लिहूनहि ठेवलें. एवढा प्रामाणिकपणा सर्वच ग्रंथकारांत आढळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोल्हटकरांचीं पदें नुसतीं वाचलीं असतां अन्वय लांबतो, समास अडखळतात, ह्रस्वदीर्घाची ओढाताण जाणवते, हें खरें आहे. परंतु तीं वाचावीं कशीं? दिंडीच्या चरणांत १९ मात्रा, विराम नवव्या मात्रेवर. साकीच्या चरणांत २८, विराम सोळाव्या मात्रेवर. हे सांचे कवीच्या, गायकाच्या व वाचकाच्या, तिघांच्याहि ओळखीचे असतात. म्हणून किर्लोस्करांची दिंडी आपण माजघरांत बसूनहि म्हणूं शकतों. उसन्या चालीवर रचलेल्या पदाचा सांचा मात्र दुसऱ्याच एका गीतांत असतो. तें गीत स्मरणांत आहे तोंवर पद उभें राहतें. तें विसरलें कीं पाया काढून घेतलेल्या भिंतीसारखी पदाची अवस्था होते. शिवाय उर्दू गीतांत शब्दान्तींचा दीर्घ स्वर गातांना ह्रस्व करण्याची मुभा आहे. संस्कृत वृत्तांत मुरलेल्या मराठी कानाला ती मुभा रुचत नाहीं. म्हणून जलद लयीच्या चालींत दीर्घाक्षरें बसवितांना कवीची जी तारांबळ होते ती कागदावर केवळ दोष म्हणून दिसते. गाण्यांत त्यांपैकीं किती दोष उरत असतील व किती विरून जात असतील, याचा निर्णय चाल ऐकल्यावांचून करतां येत नाहीं.

तथापि सर्वच क्लिष्टतेचें खापर लुप्त चालींवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. कोटिक्रमाची जी हौस त्यांच्या विनोदी लेखांत शोभते तीच पदांतहि शिरते, आणि श्लेष साधण्याकरितां रस थांबवून धरला जातो. गाणाऱ्याचा एक श्वास जेवढा, तेवढ्यांत दुहेरी अर्थ श्रोत्याच्या पदरीं पडत नाहीं. हा दोष कोल्हटकरांचा स्वतःचा आहे व तो कोणत्याहि चालीनें झांकला जाणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं कवीचा दोष कोणता व काळाचा दोष कोणता, हें आधीं निवडावें व मग निकाल द्यावा.

भाष्यकार मूळ ग्रंथांतील वाक्याचे आरंभींचे एकदोन शब्द देऊन पुढें व्याख्यान करतो. त्या शब्दांस आपण प्रतीक म्हणतों. मूळ ग्रंथ नष्ट झाला तरी प्रतीकांवरून त्याच्या पाठाचा माग लागतो. नाट्यपदावरील ‘चाल’ हेंहि असेंच प्रतीक होय, कारण तेथें मूळ गीताचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’च्या पोथ्यांत अष्टपदींच्या आरंभीं राग व ताल यांचीं नांवें आढळतात. बाराव्या शतकांतील तें गायन आज उपलब्ध नाहीं, आणि भिन्न प्रांतांच्या पोथ्यांत रागांचीं नांवेंहि सर्वत्र जुळत नाहींत. म्हणून कोणी विचारी संपादक तीं नांवें गाळीत नाहीं. हाच न्याय सव्वाशें वर्षांपूर्वींच्या मराठी नाटकास कां लावूं नये?

कालक्रम पाहिला असतां या कामाची निकड कळून येईल. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं. त्यांचा आधार ख्याल-ठुमरीच्या बंदिशींचा. त्या बंदिशी घराण्यांतून चालत आल्या, म्हणून त्या चालींचा शोध घेतां येतो. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’ १९२७ सालचें. त्यांतील दीनानाथ मंगेशकरांचें गाणें ध्वनिमुद्रिकांवर ऐकतां येतें. वऱ्हाडच्या एका नाटककाराचा नाद असा टिकला. दुसऱ्याचा टिकला नाहीं, कारण ‘वीरतनया’चीं पदें गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले आणि हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९०२ सालीं. एका वर्षाच्या अंतरानें तो आवाज गेला. आणि ज्या उर्दू नाटकांतून मूळ चाली आल्या तीं घराण्याच्या परंपरेंत नव्हतीं व लोकगीतांच्या परंपरेंतहि नव्हतीं. त्यांना वारस उरला नाहीं.

याचा अनुभव मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आला. शाळेच्या स्नेहसंमेलनांत कोल्हटकरांचें एक पद म्हणून घ्यावें, असें मनांत आलें. पुस्तकांत चाल दिलेली होती. मी ती अकोल्यांतील एका वृद्ध पेटीवाल्यांस दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचली आणि म्हणाले, “गुरुजी, नांव तं हाये, पन चाल नाई राह्यली.” अखेरीस तें पद भीमपलासांत बसविलें. मुलांनीं तें छान म्हटलें, टाळ्याहि पडल्या. परंतु जन्मभर पोथ्यांतील प्रक्षेपांवर बोट ठेवणाऱ्या माणसानें त्या दिवशीं स्वतःच एक प्रक्षेप केला, ही टोंचणी मला अजून आहे.

म्हणून संग्राहकांस माझी विनंति आहे. या नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या मिळवाव्या व पुढील आवृत्त्यांशीं ताडून पहाव्या. चालीचा निर्देश जेथें बदलला वा गळला असेल तेथें तो पाठभेद म्हणून नोंदवावा. नटांच्या हातच्या नकला, पेटीवाल्यांच्या स्वर मांडलेल्या वह्या, घरोघरच्या पदांच्या चोपड्या रद्दींत जाण्यापूर्वीं पहाव्या. मोडी दप्तरासारखाच त्यांचाहि मान ठेवावा. पारशी मंडळ्यांचीं उर्दू नाटकें व गीतांचीं पुस्तकें पुष्कळदां गुजराती लिपींत छापलीं जात. तेव्हां ज्यानें मोडी शिकली त्यानें ती लिपि शिकण्याचा आळस करूं नये. आणि सर्व प्रतीकांची अकारविल्हे सूची करून ती त्या पुस्तकांशीं जुळवून पहावी. सर्व चाली सांपडतील असें नाहीं. पण ज्या दहावीस सांपडतील त्यांवर पदें पुन्हां म्हणून पाहिलीं म्हणजे कोल्हटकरांवरील दुसऱ्या आक्षेपाचा खरा निकाल लागेल. तो त्यांच्या विरुद्ध लागला तरी चालेल. पुराव्यानिशीं लागावा, एवढीच अपेक्षा. इत्यलम्.