‘संपन्न झाला’च्या पलीकडे : छोट्या वाचनालयांच्या बातम्या वाचताना

छोट्या सार्वजनिक वाचनालयाची बातमी हा मराठीतला एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याला ठरलेली लांबी आहे, ठरलेला क्रम आहे, स्वतःची शब्दकळा आहे. जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर तीन-चार इंचांत ती बसते. अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, प्रतिमापूजन कोणाच्या हस्ते झाले, प्रास्ताविक, मनोगत, सूत्रसंचालन, आभार, ‘यशस्वीतेसाठी परिश्रम घेतले’ म्हणून सात-आठ नावे आणि शेवटी ‘वाचक बहुसंख्येने उपस्थित होते’. या प्रकाराची समीक्षा कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. कथा-कवितेच्या समीक्षेला ज्या गांभीर्याने आपण बसतो, त्याच गांभीर्याने हा मजकूर वाचला तर काय हाती लागते, हे पाहावे म्हणून हा प्रयत्न.

माझ्यापुढे आहेत ती कात्रणे, वार्षिक सभांचे छापील अहवाल, फलकांवरून वहीत उतरवून घेतलेल्या सूचना आणि अलीकडे व्हॉट्सअॅपच्या गटांवर येणारी कार्यक्रमपत्रे. वाचनालयांची नावे देत नाही. ही माणसे जवळजवळ फुकट राबतात. त्यांच्या वाक्यरचनेवर बोट ठेवायचे आणि वर नावही छापायचे, हे बरे नव्हे. शिवाय नावे बदलली तरी मजकूर तोच राहतो, हाच तर मुद्दा आहे.

पहिली गोष्ट व्याकरणाची. या बातम्यांतली क्रियापदे ‘संपन्न झाला’, ‘आयोजित करण्यात आला’, ‘साजरा करण्यात आला’, ‘गौरविण्यात आले’ अशीच असतात. कर्ता दिसतो तो व्यासपीठावरचा. समोर बसलेला माणूस ‘बहुसंख्येने’ या एका शब्दात संपतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वाचनालयाच्या बातमीत पुस्तकाचे नाव जवळजवळ नसते. ‘ग्रंथप्रदर्शन भरविण्यात आले’, पण कोणते ग्रंथ? ‘नवीन पुस्तकांची भर पडली’, पण कोणत्या? १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाच्या बातम्या ओळीने लावून वाचाव्यात. प्रेरणा सगळीकडे आहे, वाचन कशाचे झाले ते मात्र शोधावे लागते. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, तो योग्यच आहे. पण १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, हे हाराखालच्या मजकुरातून कोणाला कळणार नाही.

हे अज्ञानातून होते असे मला वाटत नाही. ज्या ग्रंथपालाची बातमी इतकी कोरडी असते तोच समोर बसला की कोणती कादंबरी कोणाच्या घरी अडकली आहे, कोणत्या आजीबाईंना अनुवाद चालत नाहीत, शाळेतली मुले कोणत्या मालिकेसाठी भांडतात, हे तासभर सांगतो. मग लिहिताना हे सगळे जाते कुठे? माझे उत्तर असे की ही बातमी वाचकासाठी लिहिलेलीच नसते. तिचा खरा वाचक तपासणीला येणारा अधिकारी असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, आणि ग्रंथालय संचालनालय त्यातून आलेले. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान, अशी ही व्यवस्था आहे. आज राज्यात अशी ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. एवढा पसारा दुसऱ्या फार थोड्या राज्यांत असेल, आणि तो कायद्याइतकाच गावोगावच्या कार्यकारी मंडळांनी उभा केला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पण अनुदान म्हटले की फाइल आली. फाइलला उपक्रमाचा पुरावा लागतो, आणि कात्रणासारखा सोयीचा पुरावा नाही. २०१२मध्ये महसूल यंत्रणेकडून ग्रंथालयांची राज्यभर पडताळणी झाली. कागदावरची वाचनालये त्यात उघडी पडली, ते चांगलेच झाले. पण नव्या मान्यता आणि वर्गवाढ थांबल्या त्या सगळ्यांसाठीच. प्रामाणिक वाचनालयांनी त्यातून काय धडा घेतला असेल? अधिक कागद, अधिक फोटो, प्रत्येक जयंतीची नोंद. आता फोटोवरच तारीख आणि वेळ उमटते, त्यामुळे पाहुण्यांपेक्षा मागचा फलक चौकटीत नीट आला का, याची काळजी जास्त.

बातमीच्या या भाषेची टिंगल करणे सोपे आहे. करणाऱ्याने एक हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. २०१२च्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होते. २०२३च्या साठ टक्के वाढीने ते ४८,००० झाले. त्यातला एकही पैसा पुस्तकांवर, वीजबिलावर, वर्तमानपत्रांवर खर्च केला नाही आणि सगळे वेतनाला दिले, तरी महिन्याला ४,००० रुपये होतात. एवढ्यात जो माणूस दार उघडतो, झाडतो, देवघेव करतो आणि लेखापरीक्षणाचे कागद जुळवतो, त्याने ललित गद्य लिहावे अशी अपेक्षा कोणी करू नये. माझी तक्रार त्याच्याविषयी नाहीच. वाचनालयाचे कामकाज ज्या साच्यात मोजले जाते, त्या साच्यात वाचनाला रकानाच नाही, अशी ती तक्रार आहे.

दुसरा साचा शक्य होता, आणि तो आपल्या भाषेत होऊन गेला आहे. १९१०मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभारली. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवायची तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असे तिथले सूत्र होते. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. याच चळवळीतून १९१२ साली ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. गावच्या वाचनालय चालवणाऱ्याला वाचता यावे म्हणून त्याची भाषा पानांवर आणायची, हा निर्णय मला त्या नियतकालिकातल्या कुठल्याही लेखाइतकाच मोलाचा वाटतो. ग्रंथालयांची बातमी वरच्या कचेरीकडे जाण्याऐवजी ग्रंथालयांकडून ग्रंथालयांकडे जावी, अशी त्यामागची कल्पना. ते १९१९पर्यंत चालले. पेटी मात्र परत आली : नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या आज परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंत गेल्या आहेत. पेटीला वारस मिळाला, नियतकालिकाच्या त्या कल्पनेला गावपातळीवर मिळालेला मला दिसत नाही.

जयंत्यांचे कार्यक्रम बंद करावेत, असा एक सूर शहरी मंडळींत ऐकू येतो. तो मला पटत नाही. १४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना वाहिलेल्या या आदरांजलीत भाषणाला जागाच कमी. माणसे येतात, पुस्तक उघडतात आणि बसून राहतात. या उपक्रमाची बातमीही निराळी उतरते. तिला वाचणाऱ्यांबद्दल लिहावेच लागते, कारण व्यासपीठावर सांगण्यासारखे फारसे काही घडलेलेच नसते. म्हणजे दोष तारखेत नाही. कार्यक्रमाच्या मध्यभागी वाचणारा माणूस असेल तर बातमीलाही तो टाळता येत नाही.

अभ्यासिकेचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. गेल्या वीसेक वर्षांत छोट्या वाचनालयांत सर्वांत मोठा बदल झाला तो हा. सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेची मुले-मुली स्वतःची पुस्तके घेऊन बसलेली असतात. कपाटांकडे त्यांचे फारसे लक्ष नसते. काही वाचनालयांचे दिवे त्यांच्याच शुल्कावर जळतात. कादंबऱ्या नेणारे जुने सभासद आणि ही मुले एकाच छपराखाली असून एकमेकांना ओळखत नाहीत. वाचनालय म्हणजे आज नेमके काय, हा प्रश्न इथे उभा आहे. बातम्यांत मात्र अभ्यासिका येते ती कोणाची निवड झाली आणि सत्कार ‘संपन्न झाला’ तेव्हाच. ज्यांची निवड झाली नाही, जे पाचव्या वर्षीही त्याच खुर्चीत बसतात, त्यांच्याविषयी अहवालात मी एक ओळ वाचलेली नाही.

पुस्तके बातमीत आली ती भिजली तेव्हा. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात, जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुराचे पाणी शिरले. दोन्ही संस्था एकोणिसाव्या शतकातल्या. त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांनी ग्रंथांची दखल घेतली, दुर्मीळ काय होते ते विचारले, चिखलातले पान उचलणारे हात छापले. एरवी हीच पुस्तके कोरडी असताना त्यांच्याविषयी विचारायला कोणी येत नाही.

सगळा मजकूर असाच आहे असे नाही. वर्तमानपत्रात न जाणारा, कात्रण होणार नाही असा फलकावरचा मजकूर मला या प्रकारातला सर्वांत जिवंत वाटतो, आणि त्यात अव्वल म्हणजे दिवाळी अंक योजनेची सूचना. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या या परंपरेचा खरा वाचक मोठ्या प्रमाणात वाचनालयातूनच अंक नेतो, हा अंकही अनेकांच्या हाती तसाच पोहोचेल. या सूचनेत ‘संपन्न’ कुठेच नसते. वर्गणी किती, अनामत किती, योजना कोणत्या महिन्यापर्यंत, एका वेळी किती अंक, कधी परत करायचे, हे सरळ लिहिलेले असते. अंकांची नावे एकाखाली एक असतात. लिहिणारा ज्याच्याशी बोलतो आहे तो समोर उभा आहे, हे प्रत्येक ओळीत कळते, आणि कधी कधी रागही कळतो. मी उतरवून घेतलेल्या एका सूचनेत नियम संपल्यावर निळ्या शाईत जोडले होते : शब्दकोडी पेन्सिलीने सोडवावीत, पाककृतींची पाने फाडू नयेत, पाहिजे असल्यास ग्रंथपालांकडून कागद मागून उतरवून घ्यावी. त्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात : ‘मागच्या वर्षीची अनारशांची पाककृती कोणाकडे असल्यास द्यावी.’