ध्वनिमुद्रित हशा आणि ‘मॅश’

‘मॅश’ (१९७२-८३) या कोरियन युद्धावरील अमेरिकन विनोदी मालिकेत सीबीएस वाहिनीच्या आग्रहामुळे ध्वनिमुद्रित हशा मिसळला गेला; लॅरी गेलबार्ट यांचा त्यास विरोध होता. शस्त्रक्रियागृहातील दृश्ये त्यातून सुटली. डीव्हीडीवर हा हशा बंद करता येतो. येरमाळ्यात घरी तसे करून मालिका पुन्हा पाहताना संहितेचे रूपच पालटल्याचे जाणवले. तमाशातील सोंगाड्या समोरच्या हशासाठी थांबतो. तो हशा प्रयोगाचाच घटक असतो. ध्वनिमुद्रित हशा प्रेक्षकाच्या वतीने आधीच हसून मोकळा होतो. तो हटताच हॉकआय या शल्यविशारदाच्या कोट्या जखमींच्या रांगेपुढे भान टिकवण्याची धडपड म्हणून ऐकू येतात. विनोदाच्या मीमांसेत हसणारा कोण, हा प्रश्न म्हणूनच गौण मानता येत नाही.