चॉसर काय सांगत नाही

'द कँटरबरी टेल्स'चं पहिलं वाक्यच अठरा ओळींचं आहे. एप्रिलच्या सरी मार्चचा कोरडेपणा भेदून मुळापर्यंत पोचतात, पश्चिमेचा वारा कोवळ्या कोंबांत प्राण फुंकतो, सूर्य मेष राशीत अर्धी वाट चालून गेलेला असतो, पाखरं उघड्या डोळ्यांनी रात्र काढतात. अकरा ओळी हे चाललेलं असतं आणि मुख्य वाक्य अजून यायचंच असतं. बाराव्या ओळीत ते येतं: अशा वेळी माणसांना यात्रेची ओढ लागते. मुळातून निघालेला ओलावा कोंब, पाखरू असा चढत चढत माणसापर्यंत येतो. त्यामुळे यात्रेची ओढ भक्तीची किती आणि वसंताची किती, हे कवीने न सांगता मोकळं राहतं. ज्याच्या समाधीकडे ही मंडळी निघाली आहेत तो संत म्हणजे टॉमस बेकेट. 1170 साली त्याच्याच कॅथीड्रलमध्ये त्याची हत्या झाली. या अठरा ओळींत त्याचं नावसुद्धा नाही, पण शेवट त्याच्यापाशीच होतो. इतकं लांब वाक्य इतक्या सहज श्वासात पेलणं, हे थोर कारागिराचंच काम.

जेफ्री चॉसरने हे काव्य 1387च्या सुमारास हाती घेतलं आणि 1400 साली तो गेला तेव्हा ते अपुरंच होतं. लंडनजवळच्या सदर्कमधल्या 'टॅबर्ड' खाणावळीत यात्रेकरू जमतात आणि वाटेत गोष्टी सांगायचं ठरवतात. प्रत्येकाने जाताना दोन, येताना दोन असा बेत. प्रत्यक्षात अपुऱ्या धरून चोवीसच झाल्या.

प्रस्तावनेतली व्यक्तिचित्रं सावकाश वाचावीत, कारण चॉसरचं खरं कसब तपशिलांच्या क्रमात आहे. मठाची प्रमुख असलेली प्रायोरेस पाहा. तिच्या ओठातून घास सांडत नाही, वरचा ओठ ती असा निगुतीने पुसते की पेल्यात तुपकट तवंग दिसू नये. हे शिष्टाचार चॉसरने 'रोमान द ला रोझ' या फ्रेंच काव्यातून उचलले आहेत, आणि तिथे ते पुरुषांना भुलवण्याच्या धड्यात येतात! मग तिच्या कोमल मनाकडे तो वळतो. सापळ्यात रक्ताळलेला उंदीर दिसला तरी तिला रडू येतं; कुत्र्यांना ती भाजलेलं मांस, दूध आणि पांढरा पाव घालते. त्या काळी असा पाव गरिबाच्या ताटात क्वचितच दिसे. तिच्या करुणेच्या यादीत माणूस कुठेच नाही. टीकेचा एक शब्द न वापरता केलेली इतकी अचूक टीका मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

आचाऱ्याला तर मोजक्याच ओळी मिळाल्या आहेत. त्याच्या नडगीवर चिघळलेली जखम आहे, हे कवी हळहळून सांगतो आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच्या हातच्या पांढऱ्या, घट्ट, दुधाळ पदार्थाची तारीफ करतो. दोन ओळी शेजारी बसवल्या, बास. जेवणारा आपल्या पानाकडे पुन्हा बघतो.

पण सगळ्यांत जास्त रेंगाळावं ते पार्डनरपाशी. हा क्षमापत्रं विकणारा. पिशवीत उशीचा अभ्रा घेऊन हिंडतो आणि तो मरियमचा पदर म्हणून दाखवतो. डुकराची हाडं पवित्र अवशेष म्हणून खपवतो. आपण लोभाविरुद्ध प्रवचन करतो तेही लोभापायी, हे तो स्वतःच कबूल करतो. आणि मग अप्रतिम गोष्ट सांगतो. तीन दारुडे मृत्यूला ठार मारायला निघतात. वाटेत एक म्हातारा भेटतो. मरण त्याला घेत नाही, म्हणून तो काठीने जमीन ठोठावत 'आई, मला आत घे' अशी विनवणी करतो. तो त्यांना एका ओकच्या झाडाकडे धाडतो. तिथे सोन्याच्या नाण्यांची रास असते. त्यानंतर ते मृत्यूचा शोध सोडून देतात, असं चॉसर जाता जाता म्हणतो. मृत्यू सापडलाय, हे फक्त वाचकाला कळतं.

पुढची लय बघावी. धाकटा गावात जातो, उंदरांची सबब सांगून विष घेतो, तीन बाटल्या मागून आणतो, दोहोंत विष ओततो, तिसरी स्वतःसाठी स्वच्छ ठेवतो. औषधविक्याशी झालेलं बोलणंसुद्धा कवी गाळत नाही. तो परतल्यावर इतर दोघे त्याला मारतात, बाटली तोंडाला लावतात आणि मरतात. हे मात्र झटक्यात उरकतं. लोभाला वेळ लागतो, मरणाला नाही. या कथानकाचं फार जुनं रूप आपल्याकडच्या वेदब्भ जातकात आहे. तिथे शेवटच्या दोन चोरांपैकी एक भातात विष कालवतो आणि दुसरा त्याला तलवारीने मारून तोच भात खातो. गोष्ट जुनीच, पण जमीन ठोठावणाऱ्या म्हाताऱ्याची जोड जातकात नाही, आणि ती एका लबाडाच्या तोंडी घालण्याची कल्पनाही.

गोष्ट संपताच पार्डनर त्याच श्रोत्यांना आपले अवशेष विकू पाहतो. यात्रेकरूंसोबत निघालेला खाणावळीचा मालक त्याला असं खरमरीत उत्तर देतो की इतका वेळ अखंड बोलणारा हा माणूस संतापाने मुका होतो. यात्रेकरूंपैकीच एक सरदार मध्ये पडून दोघांची दिलजमाई करतो आणि वाटचाल पुढे सुरू होते. पार्डनरच्या मनात काय चाललंय, ते चॉसर इथेही सांगत नाही.

मूळ भाषा सहाशे वर्षांपूर्वीची आहे म्हणून बिचकू नका. नेव्हिल कॉगहिलचं आधुनिक इंग्रजी रूपांतर पद्यातच आहे. आधी प्रस्तावना वाचा, मग पार्डनर. आणि दोन्ही मोठ्याने वाचा.