गुंड्रेडाचं माहेर

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यात ल्यूइस नावाचं गाव आहे. तिथल्या साउथओव्हर भागातल्या चर्चमध्ये एक काळी शिळा जपून ठेवलेली आहे. दगड तूर्नेचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. घासला की संगमरवरासारखा झळकणारा. त्यावर पानांची वेलबुट्टी आणि सिंहमुखं कोरलेली आहेत. काठाकाठानं आणि मधल्या पट्टीवरून लॅटिन पद्याचा लेख फिरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शिळेभोवती प्रदक्षिणाच घालावी लागते. हा मृत्युलेख गुंड्रेडाचा, सरेचा पहिला अर्ल विल्यम द वॉरेन याच्या पत्नीचा. १०८५ साली २७ मे रोजी ती नॉरफकमधल्या कॅसल एकर इथे वारली. कवीनं तिच्यात बायबलमधल्या दोन्ही बहिणी पाहिल्या आहेत: गोरगरिबांसाठी राबणारी मार्था आणि भक्तीत रमणारी मेरी. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ल्यूइसला स्थापलेल्या मठाच्या संताला, सेंट पँक्रसला, ती आपला वारस करते ही कल्पना तर फार सुंदर आहे. हयात असलेल्या मुलांचं नाव न घेता एका हुतात्मा संताला वारस करायचं, यात मठाला दिलेल्या दानांचा केवढा गौरव आहे!

वंशावळी वाचणाऱ्याची नजर मात्र लेखाच्या आरंभीच अडते. गुंड्रेडा ही ड्यूकांच्या कुळातली, असं तिथं म्हटलं आहे. ड्यूकांच्या, राजांच्या नव्हे.

या एका शब्दाचं वजन कळायला शिळेचं वय माहीत हवं. ती गुंड्रेडाच्या मृत्यूनंतर लगेच घडवलेली नाही. कोरीवकामाची शैली बाराव्या शतकाच्या मध्याची, साधारण ११४५ च्या आसपासची आहे. १८४५ साली ल्यूइसच्या मठाच्या अवशेषांमधून रेल्वेमार्ग खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या. एकीवर विल्यमचं नाव, दुसरीवर गुंड्रेडाचं. पेट्यांची लांबी तीन फुटांहूनही कमी. त्यांत देह मावणार नाही, अस्थीच मावतील. म्हणजे मठाचा विस्तार झाला तेव्हा मूळ थडगी उघडून अस्थी नव्यानं पुरल्या गेल्या, आणि त्याच सुमाराला ही देखणी शिळा घडली. शिळेला तर वनवासही घडला. मठ उद्ध्वस्त झाल्यावर ती जवळच्या इस्फील्डच्या चर्चमध्ये दुसऱ्याच एका माणसाच्या थडग्याला लावली गेली, आणि १७७५ मध्ये तिथं ओळखली जाऊन ल्यूइसला परत आली.

आता वादाकडे वळू. कित्येक शतकं इंग्लंडात असं मानलं जाई की गुंड्रेडा ही विल्यम द काँकररची, म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाची मुलगी. आधार होता मठाच्या कागदपत्रांचा. मठाच्या दानपत्रांच्या नोंदवहीत विल्यम द वॉरेनच्या नावचं एक स्थापनापत्र आहे. विल्यम आणि गुंड्रेडा रोमच्या यात्रेला निघाले, वाटेत फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात थांबले, तिथल्या साधूंचं आचरण पाहून भारावले आणि आपल्या ल्यूइसलाही तसाच मठ उभारायचं त्यांनी ठरवलं, अशी रसाळ हकीकत त्यात येते. ल्यूइसचा मठ हा क्लूनी पंथाचा इंग्लंडातला पहिला मठ, त्याची स्थापना साधारण १०७७ ची, हे खरंच आहे. पण याच पत्रात काँकररची पत्नी राणी मटिल्डा ही 'माझ्या पत्नीची आई' असंही येतं. शिवाय राजाच्या नावानं असलेल्या एका सनदेत गुंड्रेडाला 'माझी मुलगी' म्हटलं आहे.

या कागदांची परीक्षा पाहण्यासारखी आहे. स्थापनापत्र आपल्याला मिळतं ते पंधराव्या शतकातल्या प्रतीत, आणि त्याची एकंदर घडण अकराव्या शतकाची नाही, ते मागाहून रचलेलं आहे, असा अभ्यासकांचा निर्णय आहे. राजाच्या सनदेतले मुलीसंबंधीचे शब्द तर सरळ प्रक्षेप मानले जातात. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला प्रक्षेप ओळखण्याची एक खूण ठाऊक असते: घुसवलेले शब्द काढून टाकले तरी वाक्य जराही लंगडत नाही, उलट सुटसुटीत होतं. आणि इथे शिळेवरचा तो ड्यूकांचा उल्लेख पुन्हा आठवावा. ११४५ च्या सुमाराला काँकररच्या घराण्यात राजपद येऊन जवळजवळ ऐंशी वर्षं झाली होती. आपली आश्रयदाती खुद्द राजाची किंवा राणीची लेक आहे, हे तिच्याच मठातल्या कवीला माहीत असतं, तर तो ड्यूकांवर थांबला असता का? स्तुतिकाव्याला अतिशयोक्ती चालते, न्यूनोक्ती चालत नाही. कागदापेक्षा दगड जुना आणि दगडाचा दावा लहान: वंशकथा कशी वाढत जाते हे इतकं स्वच्छ फार क्वचित दिसतं.

१८४६ साली अभ्यासक थॉमस स्टेपलटन यांनी जी तोड सुचवली, ती चुकीची ठरली असली तरी तिच्या बांधणीला दाद द्यायला हवी. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, मठाचे कागद मटिल्डाला आई म्हणतात. दोन, बाराव्या शतकातला विश्वासार्ह इतिहासकार ऑर्डरिक व्हायटॅलिस गुंड्रेडाला गर्बोड नावाच्या फ्लेमिश सरदाराची बहीण म्हणतो. स्टेपलटन म्हणाले, दोन्ही खरं असू शकतं. राजाशी लग्न होण्याआधी मटिल्डाचं एक लग्न झालं असावं, सेंट बर्टिनच्या मठाचा रक्षक असलेल्या गर्बोड नावाच्याच एका सरदाराशी. गुंड्रेडा आणि तिचा भाऊ गर्बोड ही त्या पहिल्या लग्नाची मुलं. या तोडग्यानं आणखी एक जुनं कोडं सुटल्यासारखं वाटलं. १०४९ च्या रीम्सच्या धर्मसभेत पोप लिओ नववा यानं विल्यम आणि मटिल्डा यांच्या विवाहाला मनाई केली होती, पण कारण कुठंच नोंदलेलं नाही. मटिल्डाचा पहिला नवरा हयात असेल तर? एका गृहीतकानं तीन गाठी सुटत होत्या. एडवर्ड फ्रीमन यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकारालाही ते पटलं होतं, यात नवल नाही.

आणि मग आलं एक पत्र. कँटरबरीचे आर्चबिशप सेंट अँसेल्म यांचं, राजा हेन्री पहिला याला लिहिलेलं. त्यात गुंड्रेडाचं नावही नाही. राजानं आपली एक मुलगी विल्यम द वॉरेनला देण्याचं कबूल केलं होतं. हा विल्यम दुसरा, गुंड्रेडाचाच मुलगा. पण मुलगा-मुलगी नात्यात आहेत, मग काय करावं, असा सल्ला राजानं विचारला. अँसेल्म यांचं उत्तर निःसंदिग्ध आहे: ही दोघं एका बाजूनं चौथ्या आणि दुसऱ्या बाजूनं सहाव्या पिढीत एकमेकांची नातलग आहेत, असं लग्न धर्माला मान्य नाही, आणि धर्माविरुद्ध दिलेला शब्द पाळायचं बंधन राजावर नाही.

हे पत्र जितकं लहान, तितकं धारदार. हेन्री हा मटिल्डाचा मुलगा. गुंड्रेडा जर मटिल्डाची मुलगी असेल, तर हेन्री आणि गुंड्रेडा भाऊबहीण ठरतात आणि लग्नाची बोलणी चाललेली दोघं सख्खी मामे-आतेभावंडं. दुसऱ्याच पिढीत एक आजी! त्या काळच्या चर्चच्या नियमानं सात पिढ्यांपर्यंतचं नातं विवाहाला बाधक होतं. ती मर्यादा चारवर आली ती पुढे १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत. सापिंड्य मोजणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला ही मोजदाद परकी वाटायची नाही. जो धर्माधिकारी लग्न मोडण्यासाठी चौथी-सहावी पिढी शोधून काढतो, तो डोळ्यांसमोरची दुसरी पिढी गाळेल का? अँसेल्म हे काही ऐकीव माहितीवर विसंबणारे परके नव्हते. नॉर्मंडीतल्या बेक मठाचे ते मठाधिपती होते, काँकररच्या घराण्याशी त्यांचा जुना परिचय होता. राजाला तर स्वतःच्या आईची मुलं ठाऊक असणारच. म्हणून इथलं मौन निव्वळ मौन राहत नाही, ते साक्ष होतं. एरवी 'अमुक ठिकाणी उल्लेख नाही' या पुराव्यावर मी फारसा विसंबत नाही; पण ज्या जागी उल्लेख येणं अटळ होतं नेमक्या त्याच जागी तो नसतो, तेव्हा तो पुरावा कुठल्याही सनदेइतका भक्कम असतो.

पत्रातला आणखी एक बारकावा सहज निसटतो. चौथी आणि सहावी, हे आकडे असे विषम का? नॉर्मंडीचा इतिहासकार रॉबर्ट ऑफ तोरिन्यी यानं काँकररची पणजी डचेस गुनोर हिच्या बहिणी, भाच्या आणि त्यांच्यापासून पुढे आलेली घराणी नोंदली आहेत. त्याच्या नोंदींत घोळ आहेत, पिढ्या गळतात; पण वॉरेन घराणं तो गुनोरच्या एका भाचीशी जोडतो. आता बोटांवर मोजत जावं. राजाची मुलगी, मग हेन्री, काँकरर, त्याचा बाप रॉबर्ट, त्याचा बाप रिचर्ड दुसरा, त्याची आई गुनोर, आणि गुनोरचे आईबाप: मुलीपासून वर सहा पायऱ्या. दुसऱ्या बाजूला विल्यम दुसरा, त्याचा बाप विल्यम पहिला, त्याची आई ही गुनोरची भाची धरली तर तिची आई गुनोरची बहीण, आणि पुन्हा तेच आईबाप: चार पायऱ्या. चार आणि सहा! दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या हेतूनं, वेगळ्या काळी लिहिलेल्या गोष्टी अशा एकमेकींत बसतात, तेव्हा वंशशास्त्रातला खरा आनंद काय असतो ते कळतं. आणि हे नातं येतं विल्यमच्या बापाकडून. आईकडून, म्हणजे गुंड्रेडाकडून, राजघराण्याशी मोजण्याजोगं काहीच निघत नाही.

१८८८ साली फ्रीमन यांनी 'इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू'मध्ये हा सगळा प्रश्न नव्यानं तपासला आणि आपलं आधीचं मत सोडून दिलं. गुंड्रेडा राजाची नव्हे आणि राणीचीही नव्हे. स्टेपलटन यांनी बांधलेल्या इमारतीतून मटिल्डाचं पहिलं लग्न असं अलगद निघून गेलं. उरला तो ऑर्डरिकचा साधा उल्लेख, गर्बोडची बहीण.

ते माहेर काही कमी प्रतीचं नव्हतं. या गर्बोडला काँकररनं वेल्सच्या सीमेवरचं चेस्टर दिलं होतं; तो फार काळ न राहता फ्लँडर्सला परतला आणि तिथं शत्रूंच्या हाती सापडला. दुसरा भाऊ फ्रेडरिक. बंडखोर हेरेवर्डनं त्याला मारलं, असं एका जुन्या इतिहासग्रंथात येतं. १०८६ च्या डूम्सडे या जमीनपाहणीत नॉरफकमधल्या विल्यम द वॉरेनच्या काही जमिनींपुढे 'फ्रेडरिकच्या जहागिरीतली' अशी नोंद आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत लोभस पुरावा हाच. कारकुनानं महसुलासाठी केलेली ही कोरडी नोंद, पण तिच्यातून दिसतं की मेलेल्या मेहुण्याची जमीन बहिणीच्या नवऱ्याकडे गेली. कुणाला मोठं करण्याचा हेतू त्या कारकुनाच्या मनात असणं शक्यच नव्हतं. जिथं लिहिणाऱ्याला नात्याची फिकीर नसते, तिथलं नातं बहुधा खरं असतं.

राजाच्या मुलीशी ठरलेलं ते लग्न अर्थातच झालं नाही. विल्यम दुसऱ्यानं पुढे व्हेरमांद्वाच्या इझाबेलशी लग्न केलं. ती लेस्टरचा अर्ल रॉबर्ट द बोमाँ याची विधवा होती आणि फ्रान्सचा राजा हेन्री पहिला याची नात. त्यांची मुलगी अ‍ॅडा ११३९ मध्ये स्कॉटलंडचा राजपुत्र हेन्री याला दिली, आणि तिचे दोन मुलगे, माल्कम चौथा आणि विल्यम द लायन, स्कॉटलंडचे राजे झाले. वॉरेन घराण्यात राजरक्त आलं ते असं, गुंड्रेडाच्या सुनेकडून; आणि या नात्याला कुठल्याही प्रक्षेपाची गरज पडली नाही.