अद्भुताला जमीन किती लागते?

अद्भुतकथा लिहावयाची म्हणजे आधी एक अख्खे जग उभारले पाहिजे, असा समज अलीकडे आपल्या होतकरू लेखकांत बळावला आहे. त्यांची हस्तलिखिते माझ्याकडे येतात. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर सात राजघराण्यांची वंशावळ, मग तेथील महिने, नाणी, लिपी. चाळीस पाने उलटली तरी घोड्यावर कोणी बसलेले नसते!

समुद्रमंथनाची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे व ती सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या नगर जिल्ह्यातील लोक तिचा पत्ताही सांगतात. मोहिनीने अमृत वाटले ते प्रवरेकाठी नेवाशाला. तेथे मोहिनीराजाचे देऊळ आहे. देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले, ते पडले ती राहुरी. काया पडली ते गोदाकाठचे कायगाव. व्युत्पत्ती जाणणारे हसतील. हसोत बापडे! सांगणाऱ्याने नवे गाव एकही वसविले नाही. ऐकणारा ज्या गावांच्या बाजाराला जातो तीच त्याने कामाला लावली. आणि नियम एकच घातला : अमृत जेथवर पोहोचले तेथवर मरण नाही. घोट घशाशीच अडला, म्हणून डोके अमर झाले आणि धड मेले. सूर्यचंद्रांनी चुगली केली, म्हणून राहू त्यांना गिळतो. ही कथा मी वर्गात येथवर सांगतो आणि थांबतो. पुढचे मुलेच ओरडून सांगतात : गळ्याखाली काही नाहीच, मग सूर्य सुटणारच! (भूगोलाच्या तासाला ग्रहणाचे कारण मी वेगळे शिकवतो, हे सांगणे नलगे.) नियम पक्का असला की ऐकणारा असा स्वतःच कथा पुढे नेतो. वंशावळीने हे कधी साधत नाही.

आपल्या कादंबरीने मात्र आरंभीच वेगळी वाट धरली. 1868 साली ‘मंजुघोषा’ लिहिताना नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत म्हटले की, आपल्या लोकांच्या नित्याच्या अनुभवात मन गुंतविण्यासारखे काही नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. त्यांची अडचण खरी होती, पण निष्कर्ष मला पटत नाही. नित्याचे सोडले की अद्भुताला उभे राहावयास जागाच उरत नाही. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट घ्या. जंगल कोणते, भोपळा कोणत्या वेलीचा, हे कोणी विचारीत नाही. पण लेकीच्या घरून लठ्ठ होऊन परत येईन, असा शब्द तिने वाघाला दिलेला असतो. तेवढा शब्द सांगावयाचा राहिला तर भोपळा भाजीपुरताच उरेल.

मग टोल्किनचे काय, असे मला विचारतात. त्याने तर भाषा रचल्या, 1954-55 साली निघालेल्या आपल्या मोठ्या कादंबरीला परिशिष्टे जोडली. खरे आहे, पण ती तिसऱ्या खंडाच्या शेवटी आहेत. आणि 1937 च्या ‘द हॉबिट’मध्ये त्या जगात वाचकाचे पाऊल प्रथम पडते ते एका खाण्यापिण्याच्या शौकीन गृहस्थाच्या घरात. कोठ्या भरलेल्या आहेत, आणि न बोलावलेले पाहुणे एकामागून एक दारात उभे राहात आहेत. दिवाळीच्या दिवसांत ही त्रेधा कोणत्या मराठी घराला समजावून सांगावी लागेल?

यंदा आलेल्या एका जाडजूड हस्तलिखितात साठाव्या पानावर एक लोहार भेटला. दिवेलागणीनंतर तो भाता बंद करतो. का, तर रात्री तापविलेले लोखंड जागे होते आणि मग ते धन्याला ओळखीत नाही. त्या राज्याचे नाव मी विसरलो, लोहार विसरलो नाही. लेखकाला मी कळविले की कथा येथून सुरू करा. त्यांचे उत्तर आले आहे : नकाशा आता रंगीत छापणार आहेत.