कबर कोणाच्या नावावर असते?

पीएचडीचा विषय सांगितला की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, याची आता सवय झाली आहे. परवा धामणगाव रेल्वेच्या स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कायचा अभ्यास करतं वो पोरी?" म्हटलं, दफनभूमीचा. काकू जरा सरकूनच बसल्या. मग दोन मिनिटांनी स्वतःहून म्हणाल्या, "आमच्या घरचं एक लेकरू पुरलं हाये. जागा आता सापडत नाही."

माझा विषय हाच आहे. सार्वजनिक दफनभूमीत पुरलेल्या माणसाच्या जागेवर कोणाचा हक्क असतो, तो किती वर्षं टिकतो आणि कोण नाकारू शकतं. आजच्या पोस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचू. निकाल छत्तीसगडच्या एका गावाचा आहे, पण आपल्या वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात तो उद्या लागू पडू शकतो. आणि तो मला पटलेला नाही. का, ते सांगते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवा. दफन म्हटलं की आपल्याला मुसलमान आणि ख्रिस्ती आठवतात. पण लिंगायत पुरतात, गोसावी आणि नाथपंथी समाधी देतात. महानुभावांमध्येही भूमी देण्याची रीत आहे, आणि त्यांचं रिद्धपूर तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. एरवी दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या लेकराला पुरतात. म्हणजे हा प्रश्न कुठल्या एका समाजाचा नाही. स्टेशनवरच्या त्या काकूंचाही आहे.

"ज्याले माहीत हाये, त्याले माहीत हाये"

फील्डवर्कच्या पहिल्याच महिन्यात तालुक्यातल्या एका दफनभूमीत कबर खोदणाऱ्या काकांशी बोलले. विचारलं, नवीन कबर कुठे खोदायची हे कसं ठरतं? कुठे लिहिलेलं असतं का?

"ताई, इथं कोनाचंच नाव नसते. ज्याले माहीत हाये, त्याले माहीत हाये."

कडुलिंबापासून विहिरीकडे अमुक घराणं, कुंपणाला लागून लहान लेकरं, मधल्या वाटेच्या पलीकडे बाहेरगावाहून आलेली माणसं. सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात. आपली माती काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कच्च्या कबरीचा उंचवटा दोन-चार पावसाळ्यांत बसतो आणि जमीन सपाट होते. मग राहते फक्त आठवण. मी हे सगळं गाईडना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि ज्याला माहीत आहे, तोच गेला तर?"

या तोंडी व्यवस्थेला आपल्याकडे जुना शब्द आहे, वहिवाट. कागद नाही, पण वर्षानुवर्षं वापर आहे आणि त्या वापराला गावाची मान्यता आहे. शेताची पाऊलवाट जशी वहिवाटीची असते, तशीच कबरीची जागाही.

कायदा काय बघतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन ठरावीक कामांसाठी राखून ठेवू शकतात. त्या यादीत गुरांचं कुरण आहे, गावठाण आहे, खळं आहे, बाजार आहे आणि दहन-दफनाची जागाही आहे. एकदा राखली की त्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. शहरांसाठी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची बंधनकारक कामं दिली आहेत, त्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा मिळवणं, राखणं आणि त्यांचं नियमन करणं येतं. 'विल्हेवाट' हा शब्द मला टोचतो, पण सरकारी मराठीत तोच रुळला आहे.

आता नीट बघा. या दोन्ही कलमांत जागा आहे. कबर नाही. म्हणजे दोन एकर जमीन दफनभूमी आहे हे कायद्याला कळतं. पण त्या दोन एकरांत तुमच्या आजीची कबर कुठली, तिच्याशेजारी आजोबांना ठेवता येईल का, ती जागा पुन्हा कधी उकरायची आणि त्याआधी कोणाला विचारायचं, यावर ही कलमं गप्प आहेत.

दुसरीकडे काय करतात? इंग्लंडमध्ये नगरपालिकेच्या दफनभूमीत तुम्ही जमीन विकत घेत नाही. १९७७ च्या तिथल्या आदेशाप्रमाणे तुम्हाला मिळतो तो त्या कबरीत दफन करण्याचा खास हक्क, एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी. जमीन नगरपालिकेचीच राहते. जर्मनीत कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते, मुदत संपली की काही ठिकाणी वाढवता येते, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. आपल्याला हे कोरडं वाटेल. पण तिथल्या माणसाला निदान माहीत असतं की आपला हक्क काय आहे आणि तो कधी संपतो.

आपल्याकडे लहान गावांत ही मोकळी जागा वहिवाटीने भरली. आणि वहिवाट चालते, जोपर्यंत कोणी हरकत घेत नाही तोपर्यंत.

छिंदवाड्यातले वीस दिवस

बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचं गाव आहे (मध्य प्रदेशातलं शहर वेगळं). तिथले एक पाद्री ७ जानेवारी २०२५ ला वारले. मुलाला त्यांना गावच्या दफनभूमीत पुरायचं होतं. त्याचं म्हणणं असं की ग्रामपंचायतीने त्या दफनभूमीचे भाग तोंडी वाटून दिले होते, त्यात ख्रिश्चनांचाही भाग होता आणि घरची आधी गेलेली माणसं तिथेच पुरलेली आहेत. गावातल्या काही लोकांनी विरोध केला. मुलगा म्हणाला, मग आमच्या शेतात पुरतो. त्यालाही विरोध. छत्तीसगड उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. प्रकरण दिल्लीला गेलं. रमेश बघेल विरुद्ध छत्तीसगड राज्य. २७ जानेवारीला निकाल आला तोपर्यंत मृतदेह शवागारातच होता.

दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली. न्या. नागरत्ना म्हणाल्या, कुटुंबाला स्वतःच्या शेतात दफन करू द्या, आणि राज्याने दोन महिन्यांत ख्रिश्चनांसाठी दफनाच्या जागा आखून द्याव्यात. न्या. सतीशचंद्र शर्मा म्हणाले, धर्म पाळण्याच्या हक्कात 'हवी तीच जागा' येत नाही, दफन नेमून दिलेल्या जागीच झालं पाहिजे. मतभेद झाला की प्रकरण मोठ्या पीठाकडे जातं. पण मृतदेह इतके दिवस पडून होता, म्हणून दोघांनी अनुच्छेद १४२ खाली मिळून आदेश दिला. दफन वीसेक किलोमीटरवरच्या करकापाल गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत होईल, आणि राज्य पोलीस संरक्षण देईल.

बातम्यांमध्ये हा निकाल 'एकीने कुटुंबाची बाजू घेतली, एकाने नाही' असा आला. माझ्या मते खरी गोष्ट दोघांत जे समान आहे, त्यात आहे. गावच्या दफनभूमीतली जागा कोणीच दिली नाही. एका मताने उत्तर खाजगी मालकीत शोधलं, दुसऱ्याने सरकारी यादीत. तोंडी वाटप, आधीच्या कबरी, इतक्या वर्षांचा वापर, म्हणजेच वहिवाट, तिला दोन्हीकडे आसरा मिळाला नाही.

शेताचा उपाय दयाळू आहे, हे मान्य. पण ज्याच्याकडे शेत नाही त्याने काय करायचं? आणि ज्याच्याकडे आहे, त्याचा नातू उद्या ते विकेल, तेव्हा कबरीचं काय? न्या. शर्मांचा मुद्दाही मी उडवून लावत नाही. प्रत्येकाने आपापल्या शेतात पुरायचं ठरवलं तर विहिरी, पाणी, शेजाऱ्याची हद्द, असे खरे प्रश्न आहेत. नेमलेली जागा असावी हे बरोबरच. पण जागा नेमायचं काम राज्याचं. त्याने ते केलं नाही, याची शिक्षा मेलेल्या माणसाच्या घराला का?

कोर्टाला हे आधी जमलं होतं

१९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सय्यद मोहम्मद साली लब्बई खटल्यात कौटुंबिक आणि सार्वजनिक कब्रस्तान यांतला फरक सांगितला. घरच्याच माणसांना पुरत असतील तर ते कौटुंबिक. पण समाजातल्या इतरांनाही वर्षानुवर्षं तिथे पुरू दिलं असेल, तर ते सार्वजनिक झालं, वक्फ झालं. आणि एकदा झालं की नंतर वापर थांबला म्हणून ते परत खाजगी होत नाही. म्हणजे वापरातून हक्क तयार झाला. आता हा निकाल मुस्लिम कायद्यातला आहे, तो ख्रिस्ती कुटुंबाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वापराकडे पुरावा म्हणून बघायची दृष्टी त्यात होती. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने 'वापरातून वक्फ' हा मार्गही पुढच्या काळासाठी बंद केला. आधी नोंदलेल्या जागा राहतात, त्याही वाद नसेल किंवा जमीन सरकारी नसेल तर. वारं कुठे वाहतंय ते दिसतंच आहे.

नोंद असली की काय फरक पडतो, ते आपल्या राज्यात दिसलं. कोरोनाच्या सुरुवातीला, ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोरोनाने गेलेल्या सगळ्यांचं दहनच होईल, धर्म कुठलाही असो. त्याच दिवशी ते बदललं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात अशा मृतदेहांच्या दफनाविरुद्ध आसपासच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. २२ मे २०२० ला न्यायालयाने याचिका फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार दाखवलेला नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा अनुच्छेद २१ मधला हक्क आहे, असं सांगून.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. वांद्र्याचं कब्रस्तान जुनं, मान्यताप्राप्त होतं, म्हणून हरकत घेणाऱ्यांना पुरावा द्यावा लागला. छिंदवाड्यात जागेची नोंद नव्हती, म्हणून ज्यांच्या घरी प्रेत होतं त्यांना पुरावा द्यावा लागला. नोंदीने मालकी मिळतेच असं नाही, पण सिद्ध कोणी करायचं हे ती ठरवते.

मग सगळं नोंदवून टाकायचं?

माझा पहिला चॅप्टर इथेच संपत होता. लिहून टाका, प्रश्न मिटला. आता तसं वाटत नाही. मोजणी येते तेव्हा ज्यांचा समाज मोठा, त्यांचा माणूस तलाठ्याबरोबर उभा असतो. गावात दोनच घरं असलेल्यांची कुंपणाजवळची जागा नकाशात येतच नाही, आणि मग 'नोंद नाही' हेच त्यांच्याविरुद्ध वापरलं जातं. म्हणून माझी मांडणी आता अशी आहे: नोंद हा पुरावा असावा, अट नसावी. नोंद नसेल तर जुना वापर तपासला जावा.

आणि तीन साध्या गोष्टी, ज्यांना नवा कायदा लागेलच असं नाही. एक, जागेबरोबर कबरींचीही वही ठेवावी. क्रमांक, तारीख, नातेवाईक, आणि कोणत्या वर्षाआधी ती जागा उकरायची नाही. दोन, गावातल्या छोट्या समाजांची दफनाची जागा ग्रामसभेच्या ठरावात नाव घेऊन लिहावी. तीन, कोणालाही दफन नाकारायचं असेल तर त्याच दिवशी, लेखी, कारण देऊन आणि दुसरी जागा दाखवून. तोंडी नकार सोपा असतो. सही करायची वेळ आली की माणूस विचार करतो.

दफनभूमीच्या शेडला, भिंतीला, रस्त्याला जनसुविधेच्या योजनेतून निधी मिळतो. वहीला दोनशे पानं लागतात.

मागच्या आठवड्यात मी त्या काकांकडे एक कोरी वही घेऊन गेले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "लिव्हा तुमी. पन आधी लेकरांची बाजू लिव्हा. तिकडचं मलेबी आता आठोत नाही."

तुम्हीही एक करा. आपल्या गावच्या दफनभूमीचा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. रकाना कोरा असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला याच आठवड्यात तिथे घेऊन जा आणि काय कुठे आहे ते लिहून घ्या.